आप्पासोंची हिरवी सायकल

सयाजी पेन्शन घेऊन गावी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पाने-पकडीच जास्त होत्या. फौजेत तो गाड्यांच्या वर्कशॉपात फिटर होता. कडेगावाजवळ घरचा ऊस होता, पण तो सगळा व्याप थोरला भाऊ, भाऊसो, बघत आला होता. धाकट्यानं त्यात हात घालावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. आसपासच्या गावात विहिरीवरचं इंजिन बिघडलं की लोक सयाजीला बोलावणं धाडायचे. तेवढं काम आणि पेन्शन यावर त्याचं बरं चाललं होतं. उरलेला जीव सगळा सायकलीत.

हे वेड त्याला हिमालयात लागलं. युनिटच्या स्टोअरची एक सायकल होती. एका सुट्टीच्या दिवशी ती घेऊन तो खेचरांच्या वाटेनं खाली उतरला. उतरला म्हणण्यापेक्षा पडत-आपटत खाली पोचला. कोपर फुटलं, साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. पण त्या वाटेवरची काही वळणं त्याला अशी साधली होती की खालचा दगड न् दगड त्याच्या मनगटाशी बोलत होता. त्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर सायकल चालवणं त्याला पाणी घातलेल्या दुधासारखं वाटायला लागलं.

गावाच्या पाठीला डोंगर होता. त्यावर मेंढरांनी पाडलेल्या वाटा होत्या. त्या वाटांनी सायकलवर बसून वर जायचं आणि सायकलवर बसूनच खाली यायचं, एवढंच सयाजीला पाहिजे होतं. गावाला हे कळत नव्हतं. सायकल दुधाचे कॅन बांधायला, वैरणीचा भारा आणायला. डोंगरावर सायकलीचं काय काम?

पहिली सायकल त्यानं कडेगावात जुनी घेतली. ती दुसऱ्याच उतारावर मानेजवळ मोडली. दुसरी साताऱ्याहून एस्टीच्या टपावर टाकून आणली. तिचं पायडल खडकाला लागून वाकलं ते सरळ झालंच नाही. मग दोन्हींचं मिळून एक तिसरंच धूड त्यानं तयार केलं. ते उतारावर चालायचं, पण चढावर त्याला खांद्यावर घ्यावं लागायचं. पडवीत फ्रेमा, चाकं आणि साखळ्या साठत गेल्या. त्याची बायको राहीबाई एकदा केर काढता काढता म्हणाली, "लोकं जनावरं पाळत्यात, तुमी सांगाडे पाळताय."

आप्पासोंची गोष्ट त्याला बिराप्पानं सांगितली. बिराप्पा धनगर होता. त्याची मेंढरं वडूजपासून कडेगावापर्यंतचे सगळे माळ फिरायची, आणि डोंगरातली कुठली वाट कुठं उतरते हे सयाजी त्यालाच विचारायचा. औंधात एका म्हाताऱ्याकडं विलायती सायकल हाय, हिरवी, आणि म्हातारा ती रोज पुसतो पण चालवत नाही, असं बिराप्पा म्हणाला. सयाजी दुसऱ्याच दिवशी औंधाला गेला.

आप्पासो संस्थानाच्या काळात शाळातपासनीस होते. औंध संस्थान म्हणजे एकसलग मुलूख नव्हता. एक तुकडा इथं, एक आटपाडीला, एक कुंडलला. आप्पासोंनी ते सगळे तुकडे याच सायकलीनं पालथे घातले होते. शाळा तपासायला ते येणार म्हटलं की पोरं वेशीवर हिरवी सायकल दिसते का बघत बसायची. संस्थान गेलं, नोकरी गेली, बायको गेली, एकुलती मुलगी सुलाबाई लग्न होऊन सांगलीला गेली. सायकल राहिली. तिची साखळी तेलाच्या बंद पेटीतून फिरायची, मडगार्डावर सोनेरी रेघ होती आणि ब्रेकचे दांडे आरशासारखे चमकत होते.

त्यांनी सयाजीला आधी पाण्याच्या टाक्यापर्यंत एक चक्कर मारायला लावली आणि ओट्यावर उभं राहून नीट बघितलं. मग म्हणाले, "माझ्या गुडघ्यांनी आता हात टेकले. भिंतीला टेकवून ठेवण्यात काय अर्थ आहे? तू घेऊन जा. पण नीट सांभाळ, आणि अधनंमधनं दाखवायला आण." पैशाचं त्यांनी बोलूच दिलं नाही. सयाजीनं त्यांच्या घरातला बंद पडलेला हातपंप दुरुस्त करून दिला, तेवढ्यावर व्यवहार मिटला.

पहिले काही महिने फार चांगले गेले. औंधाच्या बाजाराला सयाजी ठरलेल्यासारखा जायचा. आप्पासो चहा ठेवायचे आणि तो उकळेपर्यंत बाहेर येऊन सायकलीला हात लावून जायचे. मग दोघं सायकलीवरच बोलत बसायचे. कुठल्या चढाला शरीर किती पुढं झुकवावं, वाळूत हँडल सैल का सोडावं, असं काहीबाही. सयाजीला गावात हे कुणाशी बोलता येत नव्हतं. आप्पासोंनाही, बहुतेक, औंधात कुणाशी बोलता येत नव्हतं.

पण सायकल हातात आल्यावर डोंगर गप्प बसू देईना. विलायती फ्रेम मजबूत होती, हलकी होती. पहिल्याच पावसाळ्यात चिखल आणि खडे मडगार्डात अडकून चाक जाम झालं, तेव्हा सयाजीनं मडगार्ड काढले. ते पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. पुन्हा बसवता येतील, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग साखळीची पेटी दगडाला घासायला लागली, तीही काढली. मग बारीक टायर खडकावर फुटायला लागले. त्यानं माल वाहायच्या सायकलीची लहान, जाड टायरांची चाकं मिळवली. ती चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्यात बसेनात. सयाजीनं चिमटा लोहाराच्या भट्टीत लाल करून फाकवला. त्यात हिरवा रंग करपला, फोड आले. जुने दांड्यांचे ब्रेक नव्या चाकांना पोचेनात, म्हणून ते काढून तारेचे बसवले. हँडलच्या जागी सरळ पाइप आला. शेवटी सगळी सायकल खरूज झालेल्या कुत्र्यासारखी दिसायला लागली, तेव्हा इंजिनाला लावायचा उरलेला काळा रंग त्यानं तिच्यावर फासला.

आणि ती डोंगरावर चढली. पार माथ्यावर नाही, पण मधल्या पाणवठ्यापर्यंत, पाय खाली न टेकवता. सयाजी तिथं खडकावर बसून एकटाच हसला. त्याला वाटलं, आत्ता जाऊन आप्पासोंना सांगावं.

पुढच्या बाजाराला तो निघालाही. पुसेसावळीपर्यंत गेला. तिथं एका दुकानाच्या काचेत त्याला स्वतःची सायकल दिसली. काळी, उघडी, बोडकी. आप्पासो सोनेरी रेघेवरून फडकं कसं फिरवायचे ते त्याला आठवलं. त्यांचा हात फिरायचा तिथं तिथं त्यांचा जीव होता, आणि आपण तिथंच करवत चालवली. तो तिथूनच मागं फिरला.

एक बाजार चुकला, मग दुसरा. वडूजकडं इंजिनाचं काम निघालं की तो औंध टाळून लांबच्या वाटेनं जायला लागला. बिराप्पा मधे दोनदा निरोप घेऊन आला. म्हातारा विचारतोय, सयाजी आजारी आहे का. सयाजी म्हणाला, काम लय हाय. तिसऱ्यांदा बिराप्पानं सांगितलं की आप्पासो एस्टीनं कडेगावाला यायचं म्हणतायत, सायकल बघायला. तेव्हा सयाजीच्या तोंडून निघून गेलं, "त्यास्नी सांग, सायकल इकली. पुन्याच्या एका साहेबानं मागितली, दिली."

बिराप्पानं काठीवर हनुवटी टेकवली आणि पडवीकडं बघितलं. काळी सायकल समोरच उभी होती. "सांगतो," तो म्हणाला. "पर हे मला न्हाई आवडलं, गड्या."

तो परत आला तेव्हा सयाजीनं विचारलं, काय म्हणाले. बिराप्पा म्हणाला, काही नाही. बरं म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतर दोनेक वर्षं गेली. सयाजीची सायकल सुधारत होती, पण माथ्याखालचा शेवटचा चढ काही तिला जमत नव्हता. पायात जोर उरायचा नाही. मागचं दातेरी चक्र मोठं केलं, तर चढ जमायचा पण सपाटीवर पाय नुसते गरगर फिरायचे. चढाला एक आणि सपाटीला एक अशी चाल बदलता आली पाहिजे, हे त्याला कळत होतं. विलायतेत मागच्या चाकाच्या मध्यात बसणारे तसे गिअरचे हब मिळतात, असं त्यानं ऐकलं होतं. आपल्याकडं ते कुठं बघायलाही मिळत नव्हते. गावाला तो आता येडा फौजी म्हणून ठाऊक झाला होता. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. औंधाचं नाव निघालं की मात्र तो उठून कामाला लागायचा. राहीबाईच्या ते लक्षात आलं होतं. एकदा ती म्हणाली, चोरी केल्यागत का वागता, जाऊन पाय धरा आणि मोकळे व्हा. तो पाना उचलून पडवीत गेला.

मग एका उन्हाळ्यात बिराप्पा आला आणि त्यानं सांगितलं की आप्पासोंची नजर गेली. काचबिंदू झाला होता. साताऱ्याच्या डॉक्टरनं आता उशीर झाला म्हणून सांगितलं. बिराप्पा मेंढरं घेऊन दारावरून गेला तर म्हाताऱ्यानं आवाजावरून ओळखलं आणि सगळ्यांची चौकशी केली. सयाजीची पण.

त्या दिवशी सयाजी जेवला नाही. सकाळी उठून काळी सायकल घेऊन तो सरळ औंधाला गेला.

आप्पासो ओट्यावरच बसले होते. वाळले होते. "कोण?" त्यांनी विचारलं.

"सयाजी. कडेगावचा."

"ये," ते म्हणाले. सयाजीनं सायकल ओट्याला लावली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सायकल विकली नव्हती, मी तिची वाट लावली होती, तोंड दाखवायची लाज वाटली.

आप्पासोंनी हात पुढं केला. सयाजीनं सायकल जवळ आणली. म्हाताऱ्याची बोटं आधी सीटवर गेली, मग फ्रेमच्या नळीवरून पुढं सरकत मानेपर्यंत आली. तिथं सयाजीनं जोडासाठी पट्टी लावली होती. ती त्यांनी अंगठ्यानं चाचपली. चिमटा दोन्ही बाजूंनी मापला. टायरची खोल नक्षी बोटांनी वाचली. जिथं मडगार्ड असायचा तिथं त्यांचा हात रिकाम्या हवेत थोडा वेळ थांबला. सयाजीला बघवेना, त्यानं मान फिरवली.

"चिमटा तापवून फाकवलास?" आप्पासोंनी विचारलं.

"व्हय."

"मला हे धाडस कधी झालं नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आटपाडीच्या वाटेला पावसाळ्यात मडगार्डात चिखल भरायचा. दर वेळी वाटायचं, काढून ओढ्यात फेकून द्यावेत. पण तपासनीसाची गाडी बोडकी दिसली तर मास्तर लोक काय म्हणतील! म्हणून आयुष्यभर काडीनं चिखल काढत बसलो. तू केलंस ते बरंच केलंस. सायकल तुला दिली ती चालवायला दिली होती. देव्हाऱ्यात ठेवायला नव्हे."

सयाजी खाली बसला.

"विकली म्हणून सांगितलंस, ते मात्र नको होतं," आप्पासो म्हणाले. "मला वाटलं, पोराला ती आवडलीच नाही. मी उगीच गळ्यात मारली."

एवढं बोलून ते आत गेले, भिंतीला हात लावत. परत आले ते एका कापडात गुंडाळलेली जड वस्तू घेऊन. सयाजीनं कापड सोडलं. आत तीन गिअरचा विलायती हब होता, अजून तेलकट. आप्पासोंनी तो फार पूर्वी मुंबईहून मागवला होता. पण तो बसवायला मागची फ्रेम ताणावी लागते, आणि नव्या सायकलीची फ्रेम ताणायला त्यांचा हात धजावला नाही. तू दर बाजाराला यायचास, तेव्हा एक दिवस देईन म्हणून काढून ठेवला होता, असं ते म्हणाले.

सयाजी हातात हब घेऊन बसून राहिला. ज्याच्या शोधात त्यानं दोन वर्षं घालवली, ती वस्तू या घरात फडक्यात पडून होती. हब तेव्हाच मिळाला नाही, याचं त्याला एवढं वाईट वाटत नव्हतं. तेव्हा या माणसाला दिसत होतं. काळी का असेना, डोंगरावर चढलेली ही सायकल त्यानं डोळ्यांनी बघितली असती.

त्यानंतर तो पुन्हा बाजारच्या बाजाराला औंधाला जायला लागला. हब उघडला तर आत एक बारीक स्प्रिंग तुटलेली निघाली, आणि दातेऱ्यांची जुळणी सयाजीच्या ध्यानात येईना. ट्रकचा गिअरबॉक्स त्यानं झोपेत खोलला असता, पण हे घड्याळासारखं नाजूक काम होतं. आप्पासोंनी हबाबरोबर आलेली माहिती एके काळी इतकी वाचली होती की ती त्यांना पाठ होती. ते ओट्यावर बसून सांगायचे, सयाजी जुळवायचा. चाकाचा आउट, म्हणजे फिरताना येणारा वाकडेपणा, काढायची वेळ आली तेव्हा आप्पासोंनी चाक मांडीवर घेतलं आणि एकेक तार नखानं छेडून आवाजावरून सैल कुठली, ताठ कुठली ते सांगितलं. त्या दुपारी दोघं पुष्कळ हसले. सयाजीला मधेच वाटून जायचं, हे सगळं आधीच चालू असतं, तर एव्हाना आपण किती काय काय बनवलं असतं. मग तो मुकाट्यानं पाना फिरवायचा.

स्प्रिंग काही केल्या मिळेना. साताऱ्यात नाही, कऱ्हाडात नाही. ती सयाजीनं घरीच वळायला घेतली. तोवर दिवाळीच्या सुमारास आप्पासो न्हाणीघरात पडले. कंबरेचं हाड मोडलं. सुलाबाई येऊन त्यांना सांगलीला घेऊन गेली. निघताना सयाजी गाडीजवळ होता. आप्पासो म्हणाले, "गिअर पडला की घेऊन ये. एस्टीनं नको. चालवत ये."

सयाजीनं शब्द दिला. आणि पुन्हा तेच केलं. स्प्रिंग वळली, पण गिअर कधीकधी निसटायचा. ती पुन्हा वळली. मग गिअर पडायचा, पण आत कुठंतरी खट्ट आवाज यायचा. तसाच घेऊन गेला असता तरी चाललं असतं. आप्पासोंनीच आवाज ऐकून दोष सांगितला असता. पण या वेळी त्याला सायकल बिनचूक करूनच न्यायची होती. पहिल्या वेळी वाट लावलेली सायकल लपवली होती, आता निदान अशी न्यावी की म्हाताऱ्याच्या बोटांना कुठं काही खुपू नये. मधे उसाला पाणी द्यायचे दिवस आले, तशी लोकांच्या इंजिनांची कामं वाढली. राहीबाई दोन-तीनदा म्हणाली, एकदा नुसतंच भेटून तरी या. रिकाम्या हातानं काय जाऊ, असं तो म्हणाला.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा कुठं गिअर लोण्यासारखा पडायला लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी बांधून घेऊन सयाजी निघाला. कुंडलवरून, पलूसवरून, सांगलीपर्यंत. वाटेत तो मुद्दाम गिअर बदलत राहिला, काय काय सांगायचं ते मनात जुळवत.

सुलाबाईचं घर गणपतीच्या देवळापासून जवळ होतं. तिनं दार उघडलं, सायकल बघितली आणि पदर तोंडाला लावला. आप्पासो आतल्या खोलीत कॉटवर होते. संक्रांतीनंतर त्यांना झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. माणूस ओळखतात की नाही ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. तोवर रोज विचारत होते, असं सुलाबाई म्हणाली. सायकलची घंटी वाजली की विचारायचे, सयाजी आला का बघ.

सयाजीनं सायकल उचलून खोलीत आणली. ती कॉटला लावून मागचं चाक वर धरलं, पायानं पायडल फिरवलं आणि आप्पासोंचा डावा हात उचलून हँडलवरच्या गिअरच्या खटक्यावर ठेवला. त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून त्यानं खटका दाबला. चाक फिरत होतं. हबाचा बारीक टिकटिक आवाज बदलला. पुन्हा दाबला, पुन्हा बदलला. "पडला बगा, आप्पासो," तो म्हणाला. "तिन्ही पडत्यात."

आप्पासो छताकडं बघत होते. त्यांचा हात सयाजीच्या हातात होता, कोमट. त्यांनी आपला हात दाबला, असं त्याला एकदा वाटलं. पण दाबला तो आपल्याच हातानं असेल. चाक थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

परतताना त्यानं सरळ रस्ता सोडला आणि सागरेश्वरच्या डोंगरावरची मेंढरांची वाट धरली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सावल्या लांबल्या होत्या. चढ सुरू झाला तशी त्यानं हलकी चाल टाकली आणि सायकल वर निघाली. खडी, मुरूम, करवंदीच्या जाळ्या. एकदाही पाय टेकावा लागला नाही. माथ्यावर पोचला तेव्हा श्वास लागला होता, पण पायात अजून जोर होता. हिमालयातून उतरल्यापासून त्याला हेच पाहिजे होतं. तो उतरला, सायकल धरून उभा राहिला. खाली कृष्णाकाठ दिसत होता, उसाचे हिरवे पट्टे दिसत होते. त्याला आनंद होईना. ज्याला सांगायचं तो माणूस मागं सांगलीत होता, आणि सांगायची वेळ कधीची निघून गेली होती.

घरी पोचायला अंधार पडला. राहीबाईनं पाणी दिलं आणि विचारलं, "भेटलं का आप्पासो?"

"भेटलं," तो म्हणाला.

"काय म्हनलं?"

सयाजीनं तांब्या खाली ठेवला. "काय न्हाई," तो म्हणाला, आणि पायऱ्यांवर बसून त्यानं चाकाला लागलेली माती हातानंच काढायला घेतली.